हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आम्ही दोघं
जिवंत असल्याचं सांगायला बँकेत जातो.
आप्पा चौऱ्याण्णवचे, मी सत्तरीची.
रिक्षात आधी त्यांचे पाय उचलून ठेवते,
मग माझा डावा गुडघा, दोन्ही हातांनी.
रिक्षावाला आरशातून विचारतो, दवाखाने?
ना भाई, बँक. दांडिया बजार.

पहाटेपासून तयारी.
डायपरवर धोतर नको म्हटलं तर रुसले,
मग डायपरवर धोतर, वर टोपी, खिशात पेन.
म्हाताऱ्या मुलीनं बापाला न्हाऊ घालताना
बघायचं कुठे, हे कुणी शिकवून ठेवत नाही.
पहिला महिना मी नळाकडे बघायची,
आप्पा खिडकीच्या गजांकडे.
आता आम्ही भाजीचे भाव बोलतो.
मेथी वीस, पापडी साठ, रताळी अजून यायचीत,
आणि पाणी खांद्यांवरून खाली जातं.

नवसारीची धाकटी फोनवर म्हणते,
ताई, तू आहेस म्हणून बरं.

काउंटरवरच्या पोरीनं खुर्ची दिली, पाणी दिलं.
मारतंडभाई, अंगूठो मूको.
आप्पांनी अंगठा ठेवला. लाल दिवा.
धोतराला पुसून पुन्हा. लाल.
दुसरं बोट. तिसरं. जरा ओलं करून.
काका, रेखाओ ज नथी आवती.

एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात
या बोटांनी शिशाचे खिळे उचलले,
उलटी अक्षरं, सुलटं छापायला.
दिवसा गुजराती गॅझेट,
रात्री जादाच्या पैशांसाठी
लोकांच्या मराठी लग्नपत्रिका.
मी जेवणाचा डबा घेऊन जायची
आणि कंदिलाएवढ्या दिव्याखाली त्यांची बोटं बघायची,
चिमणी दाणे टिपते तशी.
माझी पत्रिका जुळवायची वेळ आली नाही.
श, र, यू. तीनच खिळे लागले असते.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही,
आई होती तेव्हाही नाही.

घसाई गई, बेन, आप्पा पोरीला म्हणाले.
अक्षरो खाई गया.

मग डोळ्यांचं यंत्र आलं.
मोतीबिंदूनंतरचे दोन निळसर डोळे
त्यांनी नवऱ्या मुलासारखे ताठ धरले.
हिरवा दिवा. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत आहेत.

आता माझा अंगठा. लाल.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं,
नंतर भांड्यांची पावडर, फिनेल, त्यांची चादर.
कुठे गेल्या रेषा कोण जाणे.
डोळा लावला, तर यंत्रच बंद पडलं.
आप्पा हसायला लागले,
एकुलता दात दाखवत, खोकला येईस्तोवर.
शरे, म्हणाले, तू तर माझ्याआधी गेलीस की गं.
रांगेतल्या लोकांना मराठी कळलं नाही,
तरी तेही हसले.

पोरीनं कागदाचा फॉर्म भरून दिला, सहीपुरता.
मी सही करणार तोच आप्पांनी तो ओढून घेतला.
छापलेलं काहीही आधी त्यांच्या हाती जातं,
औषधाची चिठ्ठीसुद्धा.
नाकाला लावून ओळीवरून ओळ उतरले,
एका ठिकाणी थांबले.
शरयु? ऱ्हस्व? कुणी जुळवलंय हे?
खिशातलं पेन काढलं.
हात इतका कापत होता की मी मनगट धरायला गेले;
त्यांनी कोपरानं मला बाजूला सारलं.
बराच वेळ लागला.
मागचा माणूस घड्याळ बघत होता.
माझ्या नावाखालचा उकार त्यांनी
दीर्घ करून दिला.
हं, म्हणाले. आता कर सही.

परतताना सूरसागराच्या वळणावर
धोतर ओलं झालं. वास आला.
रिक्षावाल्यानं आरसा जरासा फिरवला.
मी काही बोलायच्या आत
आप्पा पाण्याकडे बघत म्हणाले,
पापडी काय भाव झाली म्हणालीस?